रंधा, पटाशी आणि हौस: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

नव्या रंध्यांविषयी आणि पटाशांविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया रोखठोक आहे, आणि तिच्यात राग असला तरी तो अनाठायी नाही, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळे होण्यापेक्षा सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. हौशी सुतार लाकूडकाम करत नाहीत, हत्यारे जमवतात. परदेशातून महागडा रंधा मागवतात, त्याने काढलेल्या पारदर्शक सालपटाचे छायाचित्र काढतात आणि रंधा पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवतात. उलट आपल्या गावचा सुतार एक रंधा, तीन-चार पटाशा, वाकस (लाकूड तासायचे हत्यार) आणि करवत एवढ्यावर दारे, चौकटी आणि बैलगाड्या करत असे. तेव्हा या ‘हत्यारपूजे’ला माझ्यासारख्याने लेख लिहून खतपाणी घालू नये. (दसऱ्याला गावचा सुतारही हत्यारांची पूजा करत असे, हे आपल्याला माहीत असणारच, पण आपला रोख वेगळ्या पूजेवर आहे, हे मला समजले.)

आधी गावच्या सुताराविषयी. त्याच्याकडे हत्यारे मोजकी होती ही गोष्ट खरी, परंतु तिच्यामागे एखादे तत्त्व होते असे मानण्यास आधार नाही. बलुत्यावर काम करणाऱ्या सुताराला वर्षाकाठी धान्य मिळे आणि त्या बदल्यात नांगर, कुळव, तिफण, गाडी यांची निगा राखावी लागे. बाभळीच्या लाकडाला वाकसाने दिलेला आकार या कामाला पुरेसा असतो. नांगराचा इसाड, म्हणजे लांब दांडा, रंधा मारून गुळगुळीत करण्याची गरज कोणालाच नसते. त्याची हत्यारे त्याच्या कामाला आणि त्याच्या कमाईला साजेशी होती. शिवाय ती तशीच्या तशी पिढ्यान्‌पिढ्या टिकत, असेही नाही. रंध्याचा लाकडी ठोकळा झिजला की तो नवा घडवी, आणि पटाशी आखूड झाली की लोहाराकडून जुन्या कानशीची किंवा गाडीच्या कमानपट्ट्याची दुसरी करून घेई. लोहाराने पाणी नीट दिले की नाही, हे तो पहिल्या दिवशीच धार पारखून ठरवत असणार. नव्या हत्याराची उत्सुकता त्यालाही असणारच. ती पुरवण्यासाठी त्याच्यासमोर दुकान मात्र नव्हते.

ज्यांच्यासमोर दुकान होते आणि खिशात पैसे होते, ते कारागीर कसे वागले हे पाहिले तर चित्र वेगळेच दिसते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये पियानो बनवण्याच्या धंद्यात असलेल्या हेन्री स्टडली याने एकोणिसावे शतक संपत असताना आपल्या हत्यारांसाठी भिंतीवर टांगायची एक पेटी घडवली. तिच्यात सुमारे तीनशे हत्यारे एकात एक अशी बसवलेली आहेत आणि पेटीवर हस्तिदंत आणि शिंपल्याचे जडावकाम आहे. हा मनुष्य हौशी नव्हता. त्याचे पोट याच कामावर होते. त्याआधीचे इंग्लंडमधले उदाहरण तर आपल्या बाजूलाही वापरता येईल. केंट परगण्यातल्या एका कपाट-मेजे करणाऱ्या सुताराने १७९६ साली आपल्या मुलासाठी, बेंजामिन सीटनसाठी, लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएल या रंधेवाल्याकडून नव्याकोऱ्या हत्यारांचा भलामोठा संच विकत घेतला. मुलाने त्यासाठी सुंदर पेटी केली, हत्यारांची यादी लिहून ठेवली, आणि पुढे ती हत्यारे फारशी वापरलीच नाहीत. रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात ती पेटी आज इतक्या चांगल्या अवस्थेत आहे ती त्यामुळेच. अठराव्या शतकातल्या इंग्रजी सुताराची हत्यारे कशी असत हे अभ्यासकांना तिच्यामुळे कळते. सीटनने रोज घाम गाळला असता तर त्यातले निम्मेही उरले नसते. म्हणजे हत्यारे घेऊन ती न वापरण्याचा हा दोष इंटरनेटने निर्माण केलेला नाही.

लोखंडी रंध्याची गोष्टही अशीच आहे. लिओनार्ड बेली या अमेरिकन रंधेवाल्याने स्क्रूच्या चाकाने पाते खालीवर करण्याची सोय केली आणि १८६९ मध्ये स्टॅन्ली या हत्यारांच्या कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. त्यापूर्वी पाते आणि पाचर हातोडीने हलके ठोकून बसवावे लागे, आणि ते ज्याच्या हाताला जमले त्यालाच जमे. बेलीचा रंधा कामगार सुतारांनी उचलून धरला म्हणून तो जगभर पसरला. आपल्याकडे पंजाबातल्या कारखान्यांतून येणारा लोखंडी रंधाही मुळात त्याच घडणीचा आहे. नव्या हत्याराच्या मागे धावणे हा व्यवसायी सुतारांचाही जुना छंद आहे, एवढेच मला यातून दाखवायचे आहे.

आता आपला खरा आक्षेप, म्हणजे महाग रंधा घेऊन काय मिळते? अमेरिकेतल्या मेन राज्यात लाय-नील्सन हा कारखाना १९८१ साली सुरू झाला आणि पुढे कॅनडातल्या ली व्हॅलीचे व्हेरिटास रंधेही नावारूपाला आले. त्यांच्या चार नंबरच्या, म्हणजे साधारण साडेनऊ इंच लांबीच्या सफाईच्या रंध्याला साधारण तीनशे डॉलर किंवा त्याहून अधिक पडतात, आणि आयात शुल्क वेगळेच. या पैशांत मिळते ते उत्तम लोखंडकाम. तळ सपाट असतो, कडा तळाशी काटकोनात असतात, पाते ज्यावर टेकते ती बैठक नीट घासलेली असते, पाते जाड असते आणि त्याची पाठ जवळजवळ सपाट येते. बिडाऐवजी लवचीक ओतीव लोखंड वापरलेले असल्यामुळे हातातून फरशीवर पडला तरी रंध्याचे दोन तुकडे होण्याची भीती कमी असते. स्वस्त रंध्यात हेच काम घेणाऱ्याला करावे लागते. मी घेतलेल्या एका देशी रंध्याचा तळ मधोमध खोलगट होता आणि तोंडाची, म्हणजे तळातल्या पाते बाहेर येते त्या फटीची, कड वाकडी होती. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तो तळ घासताना माझा घाम निघाला. तो रंधा आज उत्तम चालतो. पण मला तो घासता आला, कारण चांगला रंधा लाकडावरून कसा सरकतो हे मी आधी अनुभवले होते. ज्याने ते कधीच अनुभवलेले नाही, त्याला आपला रंधा अडखळतो तो तळामुळे, धारेमुळे, की हातामुळे, हे कळण्याचा मार्गच नसतो.

माझ्या लेखातला हा मुद्दा आपल्या नजरेतून निसटला असे वाटते. सुताराच्या मुलाला शेजारी बसलेला बाप किंवा काका असे. पाते किती बाहेर आहे, लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, कुठे उलटते, हे तो एका शब्दात सांगे. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या सदनिकेत गच्चीवर फळी ठेवून रविवारी रंधा मारणाऱ्या माणसाजवळ असे कोणी नसते. त्याच्या हातातले हत्यार निर्दोष असेल तर निदान एक शंका कमी होते. या कारणासाठी कोणी एक चांगला रंधा विकत घेतला, तर त्याला मी उधळपट्टी म्हणणार नाही.

एक रंधा, असे मी जाणूनबुजून लिहिले. दुसरा, तिसरा आणि चौथा रंधा बहुधा वेगळ्या कारणासाठी घेतला जातो, आणि तिथे आपली टीका मला मान्य आहे. उलट्या रेषेच्या लाकडावर, विशेषतः शिसवीवर, रंधा मारताना पात्याच्या पुढे तंतू उचलले जातात आणि पृष्ठभागाखालून तुटून खड्डे पडतात. सालपट तरफेसारखे वर उचलले जाते आणि पात्याची धार पोहोचण्याआधीच लाकूड चिरते, हे त्याचे कारण. या दुखण्यावर कित्येक वर्षे विकत घेण्याजोगे उपाय सुचवले जात होते: अधिक जाड पाते, अधिक अरुंद तोंडाचा रंधा, पंचेचाळीसऐवजी पन्नास किंवा पंचावन्न अंशांची बैठक, पात्याच्या धारेची तिरपी बाजू वर ठेवणारा वेगळा रंधा. आणि पात्यावर स्क्रूने आवळलेली जी दुसरी पट्टी प्रत्येक साध्या रंध्यात असतेच, ती फक्त पाते थरथरू नये म्हणून आहे, असे अनेक जाणकार लिहीत होते.

जपानमधल्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि काटो या प्राध्यापकांनी रंध्याच्या कापाचे सूक्ष्मदर्शकातून चित्रीकरण केले होते. ते २०१२ च्या सुमारास इंग्रजी वाचणाऱ्या हौशी सुतारांपर्यंत पोहोचले आणि या चर्चेचा रंगच बदलला. पट्टीची पुढची कड धारेपासून एका मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर आणली आणि त्या कडेला पुरेसा उभा उतार दिला, तर सालपट उचलले जाण्याआधीच मागून पुढे दाबले जाते आणि तंतू उखडणे थांबते, हे त्या चित्रीकरणात डोळ्यांना दिसते. ही युक्ती नवीन नव्हती. दुहेरी पात्याचे रंधे अठराव्या शतकापासून विकले जात होते आणि जुन्या सुतारांना त्यांचा उपयोग ठाऊक होता. ज्यांनी महागडे पर्यायी रंधे घेतले होते त्यांच्या घरी, फळीवर पडलेल्या साध्या रंध्यात, इलाज आधीपासूनच होता. तेव्हा कोणी मला ‘शिसवीसाठी कोणता रंधा घेऊ’ असे विचारले, तर मी आधी पट्टी पुढे घ्यायला सांगतो आणि मगच पैशांचे बोलतो.

पोलादाच्या बाबतीत मात्र मी आपल्याइतका कठोर नाही. सागवानात सिलिकाचे कण असतात आणि ते धार खातात. सागावर तासभर रंधा मारलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. ए-टू नावाचे क्रोमियमयुक्त पोलाद किंवा व्हेरिटासचे भुकटीपासून बनवलेले पोलाद अशा लाकडावर जुन्या साध्या कार्बन पोलादापेक्षा जास्त वेळ तग धरते, हा फरक जाहिरातीतला नाही, हाताला जाणवणारा आहे. त्याची किंमतही आहे: ए-टू नैसर्गिक दगडावर घासायला वेळ खाते, आणि पंचवीस अंशांच्या बारीक धारेला त्याचे कण गळतात, म्हणून तीस अंश किंवा किंचित जास्त ठेवावे लागतात. ज्याला वारंवार धार लावण्याचा कंटाळा नाही त्याला साधे पोलाद अधिक तीक्ष्ण आणि अधिक सोयीचे वाटेल. मी स्वतः रंध्यात नवे पोलाद आणि पटाशीत जुने वापरतो.

पारदर्शक सालपटांची आपण केलेली थट्टा मला आवडली. जपानमध्ये याच्या स्पर्धा होतात आणि तिथे सुतार दहा मायक्रॉनच्याही आतले सालपट काढतात. तो धार लावण्याच्या कौशल्याचा जाहीर सामना आहे आणि तेवढ्यापुरता तो सुंदरच आहे. मऊ, सरळ रेषेच्या लाकडावर काढलेल्या त्या सालपटावरून मेज कसे होईल याचा अंदाज बांधू नये, एवढे म्हणून मी पुढे जातो.

आपल्या प्रतिक्रियेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की हौशी लोकांनी ही खरेदी थांबवली तर हत्यारे खऱ्या सुतारांकडे राहतील. आज आपल्या शहरांतल्या फर्निचरच्या कामात प्लाय आणि सनमायका असतो, कडा यंत्राने मारल्या जातात, आणि प्लायमधला डिंक रंध्याची धार पाहता पाहता घालवतो. त्या कारागिराला हातरंधा क्वचित लागतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याला रोजंदारीत काम उरकायचे असते. चांगल्या हातरंध्याचे गिऱ्हाईक म्हणून आज प्रामुख्याने हौशी मनुष्यच उरला आहे. त्याची हौस आटली तर हे कारखाने दुसरे काहीतरी करू लागतील, आणि गंभीरपणे शिकू पाहणाऱ्यालाही मग तोच खोलगट तळाचा रंधा घ्यावा लागेल. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर विजेची यंत्रे आल्यावर हातरंध्यांची घडण उतरत गेली ती याच क्रमाने, आणि तिला पुन्हा वर आणले ते हौशी गिऱ्हाइकांच्या पैशाने.

शेवटी आपण उपरोधाने विचारले आहे की, दहा पटाशांचा चकचकीत संच घेतल्यावर नवशिक्याने त्यातल्या किती वापरायच्या. प्रश्न उपरोधिक असला तरी त्याचे सरळ उत्तर देता येते. संच घेऊच नये. सहा, बारा आणि पंचवीस मिलिमीटरच्या तीन पटाशा घ्याव्यात. कुसू (सांध्यात घुसणारी जीभ) आणि त्याचे भोक यांसाठी बारा, बिजागरीची खाच साफ करण्यासाठी पंचवीस, आणि कोपऱ्यांसाठी सहा. मोगरी लाकडीच असावी. पहिल्या दिवशी लाकडाला हात न लावता तिन्ही पटाशांची पाठ, म्हणजे सपाट बाजू, धारेजवळच्या दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत आरशासारखी सपाट करावी, कारण पटाशी सरळ चालते ती पाठीच्या आधाराने. रंध्याच्या पात्याची पाठ दगडावर घासताना एका बाजूला पातळ मोजपट्टी ठेवून ती किंचित उचलण्याची, डेव्हिड चार्ल्सवर्थ या इंग्लिश सुतारकाम-शिक्षकांची युक्ती प्रसिद्ध आहे आणि ती वेळ वाचवते. पटाशीवर मात्र ती करू नये, कारण मग पाठ सांध्याच्या भिंतीला टेकत नाही आणि पटाशी आपल्याच मनाने बाहेर सरकते. चौथी पटाशी कोणती हे पहिल्या दोन-तीन सांध्यांनंतर ज्याचे त्याला कळते, आणि ती कोणत्या कंपनीची घ्यावी यावर आपला आणि माझा वाद तेव्हा खुशाल पुढे चालू राहू दे.

आपला नम्र,
लेखक