चावी घरी ठेवून बटनावर गाडी काढणाऱ्यांनो, आधी स्टिअरिंग फिरवून बघा

"मामा, हे वाचा, आणि रविवारी बघायला या," असा भाच्याचा मेसेज आला. खाली एक फॉरवर्ड होता. तो मला याआधीही तीन जणांनी पाठवला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचता पुसला होता. चौथ्यांदा वाचला, कारण भाच्याकडे सत्तरच्या दशकातली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, आणि त्याच्या "बघायला या"चा अर्थ काम उरकून झालंय असा असतो.

फॉरवर्डचं नाव 'जुन्या स्पोर्ट्स कारला पुश बटन स्टार्ट: अर्धा तास, दोन वायरी'. सात मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण. थोडक्यात असे: बटन हे आधुनिक तंत्रज्ञान आहे, इंजिन पहिल्या दाबात सुरू होतं, इग्निशन स्विचवरचा भार जातो, जड चाव्यांच्या गुच्छाने स्विच बिघडतो म्हणून कंपन्यांनीच बटन आणलं, शेजारी इग्निशन चालू-बंद करणारा एक टॉगल स्विच बसवला की चावीची कटकट कायमची संपते, ती घरी ठेवा, चोर फसतो, आणि रेसच्या गाड्यांना बटनच असतं. तळाला टीप: 'बटनातून फक्त सिग्नल जातो, रिले-फ्यूजची गरज नाही.'

क्रमाने जाण्याइतका धीर माझ्यात नाही. पाचव्यापासून सुरू करतो, कारण त्या मुद्द्याने माणूस मरू शकतो.

जुन्या गाडीची चावी दोन कामं करते. एक विजेचं, ते सगळ्यांना माहीत असतं. दुसरं लोखंडाचं. स्टिअरिंग कॉलममध्ये स्प्रिंगवर बसलेला एक खिळा असतो. चावी आत असेपर्यंत तो मागे ओढलेला राहतो. चावी काढली की स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि कॉलमच्या दांड्यावरची खाच समोर आली की तो तीत जाऊन बसतो. हेच स्टिअरिंग लॉक. ही जोडणी कोणाच्या लहरीने आलेली नाही. अमेरिकेचं मोटार वाहन सुरक्षा मानक क्रमांक 114 हे 1 जानेवारी 1970 पासून बनलेल्या प्रवासी गाड्यांना लागू झालं. त्याचं म्हणणं साधं होतं: चावी काढली की इंजिन नेहमीच्या रीतीने सुरू होता कामा नये, आणि त्याबरोबर एकतर स्टिअरिंग अडलं पाहिजे, नाहीतर गाडी स्वतःच्या जोरावर पुढे जाता कामा नये. एमजीबीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच होती. म्हणजे चावी बाहेर असताना इंजिन चालू असेल ही शक्यताच त्या लॉकच्या हिशेबात धरलेली नाही.

आता फॉरवर्डप्रमाणे टॉगल लावा, चावी घरी ठेवा. खिळा सुटलेला आहे, पण चाकं सरळ आहेत आणि खाच त्याच्यासमोर नाही. स्टिअरिंग मोकळं लागतं. तुम्ही बटन दाबता, गाडी सरळ रस्त्याला लागते, सगळं छान. पहिलं वळण येतं.

भाच्याने अजून गाडी बाहेर काढली नव्हती हे नशीब. "लॉक वगैरे काही लागत नाही मामा, बघा ना, फिरतंय," म्हणत त्याने स्टिअरिंग दोन-चार बोटं इकडे, दोन-चार बोटं तिकडे हलवून दाखवलं. मी म्हटलं, अजून फिरव. पाव वळसा झाला असेल नसेल, कॉलममधून 'खट्' असा आवाज आला आणि स्टिअरिंग जागच्या जागी थिजलं. त्याने दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. मग बटनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढचे पाच मिनिटं कोणी फारसं बोललं नाही.

यावर त्या फॉरवर्डखाली कोणीतरी शहाणपण जोडलंय की मग लॉकच काढून टाका. काढता येतं. ते ज्या बोल्टांनी बसवलेलं असतं त्यांची डोकी आवळतानाच तुटून पडतात, मुद्दाम तशीच केलेली असतात, पाना लागू नये म्हणून. म्हणजे ड्रिल किंवा छिन्नी मारून ती काढायची. चोराला जेवढी मेहनत पडावी म्हणून कारखान्याने हे केलं, तेवढी मेहनत आपण चोराच्या वतीने करायची. त्यानंतर 'चोर फसतो' या सहाव्या मुद्द्याबद्दल काय बोलायचं? लॉक नाही, चावी नाही, आणि डॅशबोर्डवर लाल दिव्याचं बटन, वर ठळक अक्षरांत 'इंजिन स्टार्ट'. फसवायचं कोणाला, आंधळ्या चोराला?

आता ती तळाची टीप. 'फक्त सिग्नल जातो.' कुठून जातो?

सेल्फची मोटर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढते, तो प्रवाह बटनातून जात नाही हे खरं. पण सोलेनॉइडलाही, म्हणजे सेल्फवरच्या विद्युतचुंबकी खटक्यालाही, खायला लागतं. नंतरच्या काळातले सेल्फ प्री-एंगेज्ड असतात. एमजीबीत ते 1967 च्या अखेरीस आले. त्यांचा सोलेनॉइड आधी पिनियन, म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चाक, पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, दात्यांत बसवतो आणि मग मोटर फिरवतो. त्या पहिल्या ढकलण्याला तीसेक अँपिअर लागतात, क्षणभरच, पण दर वेळी. मध्ये रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच, नसेल तर हे सगळं त्या चकचकीत बटनाच्या दोन पातळ पट्ट्यांतून जाणार. भाच्याच्या किटमधल्या बटनाच्या पाठीवर बारीक अक्षरांत '10 अँपिअर' लिहिलेलं होतं. चष्मा लावून वाचलं मी. काही दिवस चालेल. मग एके दिवशी पट्ट्या एकमेकींना चिकटतील, बोट उचललं तरी सेल्फ फिरत राहील आणि इंजिन सुरू झाल्यावर इंजिनच सेल्फला फरफटवेल. पिनियनला दहाच्या आसपास दात, फ्लायव्हीलच्या रिंगला शंभराच्या वर, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला सेल्फचे दहाएक. एकमार्गी क्लच असतो मध्ये, तो थोडा वेळ झेलतो, कायम नाही.

इग्निशन बंद करून थांबवावं, तर भाच्याने वायर घेतली होती तपकिरी. ब्रिटिश गाड्यांत रंगांची भाषा ठरलेली आहे: तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, कायम जिवंत, फ्यूजशिवाय, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत, पांढरीवर लाल रेघ म्हणजे सोलेनॉइडकडे जाणारी. फॉरवर्डमध्ये लिहिलंय, 'कुठलीही 12 व्होल्टची वायर चालेल.' तपकिरीवर चिकटलेलं बटन थांबवायचं तर बॅटरीची वायर सोडवावी लागते, आणि त्या गाडीत बॅटऱ्या सीटमागच्या पत्र्याखाली असतात. बरीच वर्षं तर सहा-सहा व्होल्टच्या दोन असायच्या. सीट पुढे घ्या, गालिचा उचला, पत्र्याची फास्टनर सोडा, तोवर धूर.

तपकिरी वायरीचा आणखी एक प्रताप मी तिथे जायच्या दोन दिवस आधीच घडून गेला होता. तो मला भाच्याने नाही, त्याच्या सहा वर्षांच्या मुलीने सांगितला. गाडी शेडमध्ये पहिल्या गिअरमध्ये उभी होती. जुन्या गाडीच्या हँडब्रेकवर कोण विसंबतो? चावी घरात खुंटीला. टॉगल बंद. हिने सीटवर चढून लाल बटन दाबलं. इंजिन सुरू व्हायचा प्रश्न नव्हता, पण सेल्फला इंजिनाशी देणंघेणं नसतं. त्याने गिअरमधूनच अख्खी गाडी हातभर पुढे ढकलली. समोर रंगाचा डबा होता, तो चपटा झाला आणि डब्यामागच्या भिंतीवर हिरवा शिंतोडा उडाला. मुलगी म्हणाली, "आजोबा, गाडीने उडी मारली." त्या जागी डब्याऐवजी काय असू शकलं असतं हे भाच्याला कळलंय. नसतं तर मेसेज आलाच नसता.

आता उरलेले, भराभर.

'आधुनिक तंत्रज्ञान.' उलटं आहे. चावी फिरवून सेल्फ मारण्याची सोय क्रायसलरने 1949 साली आणली. त्याआधी बटन, ओढायची खुंटी किंवा पायाने दाबायचा खटकाच असायचा. जॅग्वार एक्सके120 ला बटन होतं, 1961 च्या ई-टाइपलाही. इथे मी अर्धं पाऊल मागे घेतो: तुमची गाडी मुळात बटनाची असेल तर ते बटन तिथेच शोभतं, त्याला कोणी हात लावू नका. पण त्या ई-टाइपला बटनाशेजारी चावीही होती. 1999 च्या होंडा एस2000 मध्ये तांबडं बटन आहे, तिथेही आधी चावी फिरवावी लागते. बटन कारखान्यातूनच देणाऱ्यांनीही चावी टाकून दिली नाही. ती टाकली ती या फॉरवर्डने.

'पहिल्या दाबात सुरू होतं.' इंजिन सुरू होतं पेट्रोल, ठिणगी आणि चोकवर. पेट्रोल खेचणाऱ्या एसयू पंपाची टिकटिक कार्ब्युरेटर भरून थांबेपर्यंत धीर धरलात तर चावीनेही पहिल्या झटक्यात लागतं. उलट बटनाने बिघडू शकतं. बॅलास्ट रेझिस्टर (एरवी कॉइलचं व्होल्टेज कमी ठेवणारा) असलेल्या गाड्यांत सेल्फ मारताना ठिणगी देणाऱ्या कॉइलला थोडा वेळ पूर्ण व्होल्टेज द्यायची सोय असते, कारण त्या क्षणी बॅटरीचं व्होल्टेज पडलेलं असतं. कित्येक गाड्यांत ही सोय चावीच्या स्टार्टच्या खटक्यातूनच जाते. बटनाने तो खटका टाळलात की कॉइल उपाशी. मग थंडीत बटन दाबत बसा. काही गाड्यांत चावी स्टार्टवर नेली की हीटरचा पंखा आणि वायपर यांची वीज आपोआप तुटते, तेही गेलं.

'जड चाव्यांचा गुच्छ.' हा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त त्रासदायक. 2014 मध्ये जनरल मोटर्सने लाखो लहान गाड्या परत बोलावल्या. त्यांचा इग्निशन स्विच चालत्या गाडीत 'रन'वरून घसरायचा, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. कंपनीच्याच भरपाई निधीने त्यापायी 124 मृत्यू मान्य केले. पण दोष स्विचच्या खटक्यात होता, तो फारच हलका ठेवला होता. त्यावर उपाय म्हणजे चांगला स्विच आणि कडीला एकच चावी. आणि बटनाने सगळं सुटतं म्हणणाऱ्यांनी 2009 चा कॅलिफोर्नियातला लेक्सस अपघातही वाचावा. ॲक्सिलरेटर अडकलेली गाडी, आणि चालू गाडीत इंजिन बंद करायला बटन तीन सेकंद दाबून धरावं लागायचं. गाडीतले चौघे गेले. दोन वायरींच्या किटमध्ये तर बंद करण्याचा विचारच नाही.

'रेसच्या गाड्यांना बटनच असतं.' असतं. त्यांना स्टिअरिंग लॉक नसतं, बाहेरून ओढता येईल असा, सगळी वीज तोडणारा मास्टर कट-ऑफ असतो, आणि त्या गिअरमध्ये लावून रात्रभर कोणी शेडमध्ये ठेवत नाही. ले मॉन्सला ड्रायव्हर धावत येऊन गाडीत बसायचे त्या काळाचं चित्रही फॉरवर्डला जोडलंय. पोर्शे आपल्या गाड्यांत स्टिअरिंगच्या डावीकडे असलेल्या चावीची गोष्ट त्याच धावपळीशी जोडून सांगते. चावीची, बटनाची नाही.

उरला तिसरा, इग्निशन स्विचवरचा भार. हा मला मान्य करावा लागतो, तोंड वाकडं करून का होईना. पन्नास वर्षांच्या स्विचचे पॉइंट जळलेले असतात, आणि सोलेनॉइडचा प्रवाह त्यातून जाऊ न देणं चांगलंच. पण ते काम रिले करतो, बटन नाही. बटन लावायचंच असेल तर असं: चावी आणि लॉक जागेवर. चावी 'ऑन'ला आल्यावर जिवंत होणाऱ्या वायरीतून, फ्यूज घालून, बटनाला पुरवठा. बटनाने फक्त रिलेची कॉइल ओढायची. रिलेने, वेगळ्या फ्यूजमधून आणि जाड वायरीने, सोलेनॉइडला द्यायचं. बॅलास्टची वायर कुठून जाते ते आधी मीटरने तपासायचं. आणि क्लचच्या पेडलमागे एक छोटा स्विच, म्हणजे क्लच दाबल्याशिवाय बटन मुकं. अर्ध्या तासात होत नाही, अख्खा दिवस जातो.

भाच्याने हे सगळं कागदावर उतरवून घेतलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे मामा, चावी फिरवायची, क्लच दाबायचा, आणि मग परत बटन? मग चावीच अजून एक खटका पुढे फिरवली तर?"

मी काही बोललो नाही. संध्याकाळपर्यंत तपकिरी वायर पुन्हा गुंडाळली, टॉगल काढला. डॅशबोर्डला पडलेलं भोक रिकामं दिसत होतं म्हणून बटन तिथेच राहिलं, पण आता ते काच धुण्याच्या पंपाला जोडलंय. 'इंजिन स्टार्ट' दाबलं की काचेवर पाणी उडतं. मुलीला विचारलं, आधीचं चांगलं की हे? ती म्हणाली, आधीचं.