मोगऱ्याचा चहा असा नसतो

आज पणजीतल्या एका कॅफेत 'जास्मिन ग्रीन टी' म्हणून जे समोर आलं, त्याने डोकं फिरलंय. किटलीत खळखळ उकळलेलं पाणी, तळाला पानांचा चुरा, आणि वास असा की कोणी अत्तराची बाटली सांडलीय. घोट घेतला तर घशापर्यंत नुसता कडवटपणा. किंमत 280 रुपये. आणि शेजारच्या टेबलावर लोक त्याचेच फोटो काढत होते!

अहो, आपण गोव्यातली माणसं. मोगऱ्याचा वास कसा असतो हे आपल्याला कोणी शिकवायला हवं का? चीनमध्ये फुजियान प्रांतात, फुझोऊच्या आसपास, हा चहा ज्या फुलावर मुरवतात तो आपलाच मोगरा. कळ्या दुपारी खुडायच्या, कारण त्या संध्याकाळनंतर उमलतात आणि गंध तेव्हाच सोडतात. मग वसंतात खुडून ठेवलेल्या हिरव्या चहात त्या मिसळून रात्रभर ढीग करायचा. ढीग आतून तापतो, म्हणून मध्येच पसरून निववावा लागतो, नाहीतर फुलं शिजल्यासारखी होतात आणि तो वास चहात उतरतो. सकाळी फुलं चाळून काढायची, पानांनी ओढलेला ओलावा वाळवायचा, आणि पुन्हा ताज्या कळ्या. उत्तम मालाला हे सगळं पाच-सहा वेळा. एवढं झाल्यावर चहात फूल शोधून सापडत नाही, पण गंध पानात भिनलेला असतो. किती सुंदर गोष्ट आहे ही! म्हणून पाकिटात पाकळ्यांची गर्दी दिसली की भुलू नका. वाळलेल्या पाकळीत गंध जवळजवळ उरलेलाच नसतो.

मान्य, वरून तेल किंवा अर्क घातलेला चहा म्हणजे वाईटच असं नाही. अर्ल ग्रे नावाच्या काळ्या चहात बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचं तेलच असतं, ते फळ मुख्यतः इटलीच्या कालाब्रियात पिकतं. पण खालचा काळा चहा दमदार हवा. चुऱ्यावर तेल ओतलं की पहिला घोट लिंबाचा आणि पुढचे सगळे पाण्याचे. पाकिटावरची घटकांची ओळ तरी वाचा. 'नेचर-आयडेंटिकल' लिहिलंय म्हणजे ते तेल फळातून आलेलं नाही, कारखान्यात बनवलंय.

चाखायचा कसा? रिकामी किटली गरम पाण्याने विसळून पाणी टाकून द्या, त्यात कोरडी पानं घाला, अर्धा मिनिट झाकण ठेवा, मग हुंगा. उबेने पान बोलायला लागतं. हिरव्या चहाला 200 मिलीला 3 ग्रॅम पान, पाणी 75 ते 80 अंश, वेळ दोन मिनिटं. थर्मामीटर नसेल तर पाण्याला उकळी आणून गॅस बंद करा, दुसऱ्या भांड्यात ओता आणि चार-पाच मिनिटं झाकण न घालता ठेवा. उकळतं पाणी ओतलं की कॅटेचिन ही पानातली तुरट द्रव्यं आणि कडू कॅफीन भराभर बाहेर येतात, आणि तोंड कडू-तुरट होतं. आज त्या किटलीत हेच झालं. काळ्या चहाला मात्र उकळतंच पाणी हवं, तीन ते चार मिनिटं.

मग ओलं पान हुंगा, आणि चहाचा आवाज करत भुरका मारा. चारचौघांत लाजू नका, चहा चाखणारे व्यावसायिक हेच करतात. हवेबरोबर गंध घशामागून नाकात चढतो, तिथेच खरी चव कळते. शेवटचा अर्धा कप मुद्दाम निवू द्या. फवारलेला वास बहुधा तोवर उडून जातो आणि खालचा हलका चहा उघडा पडतो. तीच पानं पुन्हा भिजवा. नीट मुरवलेल्या चहाला दुसऱ्या पाण्यातही मोगरा लागतो. आजच्याला तो पहिल्यातच धड नव्हता.

किटली आणणाऱ्या मुलाचा काय दोष? त्याला कोणी दाखवलेलंच नाही. तापमान त्याच्या मालकाने सांगायला हवं होतं.

आणि फ्लेवर्ड चहा म्हणजे काहीतरी परदेशी हेही डोक्यातून काढा. परसातल्या गवती चहाची पाती कापून तीन मिनिटं उकळा, गॅस बंद करा, मग आसामचं चांगलं अख्खं पान घालून झाकण ठेवा, चार मिनिटांनी गाळा. पान उकळायचं नाही, पाती उकळायची. जास्वंद किंवा आमसूल असेल तर मात्र दूध घालू नका, आंबटपणाने नासतं.

आता साठवण, कारण आपल्याकडे चहाचा खरा घात तिथे होतो. चहा ओलावा पितो आणि शेजारच्याचा वासही घेतो. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या कपाटात सुक्या सुंगटांजवळ (कोळंबीजवळ) डबा ठेवलात तर मोगरा विसरा. काचेची बरणी शेल्फवर छान दिसते, पण उजेडाने चहा उतरतो. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, कोरडा चमचा, आणि जून ते सप्टेंबर 50 ग्रॅमच्या वर खरेदी नाही. लिंबू-संत्र्याच्या तेलाचे चहा तर सहा महिन्यांत संपवाच, नंतर ते तेल जुन्या ऑइलपेंटसारखं वासतं.