जुन्या फोनचे 'रामबाण' उपाय फोनच मारतात

'जुना फोन नव्यासारखा चालवा' असा एक मेसेज ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरत असतो. त्यात चार गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात: बॅटरी दर वेळी शून्यावर आणूनच चार्ज करा, भिजलेला फोन तांदळात पुरा, मागची ॲप सतत सरकवून बंद करा, आणि तरीही फोन नीट चालला नाही तर तो मेला समजा. चारही चूक. पहिल्या दोन तर फोनच्या जिवावर उठणाऱ्या आहेत.

शून्याचा नियम निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. सोनीने 1991 मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि आज वापरात असलेल्या जवळपास सगळ्या फोनमध्ये तीच असते. ती पुन्हा पुन्हा पूर्ण रिकामी केली किंवा तापली, तर उलट लवकर झिजते. 20 ते 80 टक्क्यांत राहिली तर जास्त टिकते. टक्क्यांचा आकडाच गडबडला असेल तर एखाद्या वेळी पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने मोजणी सुधारू शकते, पण त्याने बॅटरी सुधारत नाही.

'30 टक्के असताना फोन पटकन बंद होतो' या तक्रारीचं मूळही इथेच आहे. झिजलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून वीज वाहताना होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा उघडला की एकदम जास्त करंट लागतो, व्होल्टेज कोसळतं आणि फोन बंद पडतो. थंडीत हे जास्त होतं. असे फोन बंद पडू नयेत म्हणून काही जुन्या आयफोनचा वेग कमी केल्याचं ॲपलने डिसेंबर 2017 मध्ये मान्य केलं होतं, आणि बॅटरी बदलल्यावर त्यांचा वेग परतही आला. मागचं झाकण किंवा स्क्रीन वर उचलली गेली असेल, तर मात्र बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच थांबवा. ती दाबू नका, टोचू नका.

तांदळाबद्दल ॲपलने 2024 मध्ये स्पष्टच सांगितलं: नको, बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. मुळात पाणी उडून गेलं तरी त्यातले क्षार मागे उरतात आणि सर्किट गंजतं. फोन बंद करा, चार्जर लावू नका, सिमचा ट्रे काढा, चार्जिंगचं तोंड खाली धरून हलकेच झटका आणि हवेशीर जागी ठेवा. पाणी खारं असेल तर दुरुस्तीवाल्याकडे लवकर पोहोचवा.

ॲप सरकवण्याने फारसं काही साधत नाही. तेच ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला जास्त वीज लागते. अडकलेलं ॲप तेवढं बंद करा.

राहिला 'मेलेला' फोन. त्यात माणसांचे फोटो आणि नंबर असतात, म्हणून हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. चार्जिंग होत नसेल तर अनेकदा पोर्टमध्ये खिशातली कापसाची धूळ दाबून बसलेली असते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा. इंटरनेट चालतं पण कॉल लागत नाही? बऱ्याच देशांत 2जी-3जी बंद होत आहेत, त्यामुळे सेटिंगमध्ये व्होल्टी (VoLTE, म्हणजे 4जीवरून कॉल करण्याची सोय) चालू आहे का बघा. वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नसतील तर आधी तारीख आणि साल तपासा. आणि फोन महिनोन्‌महिने कपाटात पडून असेल, तर पाच मिनिटांत हात टेकू नका. खोलवर उतरलेली बॅटरी सुरुवातीला अगदी हळू भरते आणि तोवर स्क्रीन काळीच राहते. बॅटरी फुगलेली नसेल तर चांगल्या चार्जरवर नजरेसमोर निदान अर्धा तास ठेवा, मग पॉवर बटण दाबून धरा.