खुलासा : मर्ल ओबेरॉन टास्मानियाच्या नव्हेत, मुंबईच्याच

ब्रिटिश अभिनेत्री मर्ल ओबेरॉन ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जन्मल्या आणि जन्माची कागदपत्रं आगीत जळाली, हा मजकूर पुन्हा फिरतो आहे. तो खोटा आहे. त्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत झाला. मूळ नाव एस्टेल मर्ल थॉम्प्सन. पुढचं बालपण कलकत्त्यात गेलं.

टास्मानियाची कथा प्रसिद्धीसाठी रचलेली होती. पण म्हणून त्यांना खोटारडं ठरवू नका. त्या अँग्लो-इंडियन, म्हणजे भारतीय आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या होत्या. त्या काळी हॉलिवूडच्या नियमावलीत पडद्यावर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय पात्रांचं प्रेम दाखवायलाही बंदी होती. खरं सांगितलं असतं तर नायिकेच्या भूमिका मिळणंच अवघड होतं. दोष त्या व्यवस्थेचा.

१९३३ मध्ये अलेक्झांडर कोर्डा यांच्या चित्रपटात त्या इंग्लंडची राणी ॲन बोलिन झाल्या, आणि १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. हे नामांकन मुंबईत जन्मलेल्या मुलीचं होतं, हे आपल्याकडेही फार थोड्यांना माहीत आहे! १९७८ मध्ये टास्मानियाची राजधानी होबार्टमध्ये त्यांचं स्वागत झालं, तेव्हाही गुपित टिकून होतं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, त्या गेल्या. जन्माचं सत्य जगापुढे आलं ते त्यानंतर.