बीपीच्या गोळीच्या भावाबद्दल

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. बाबांच्या बीपीच्या गोळीच्या तीन स्ट्रिप नेल्यात, कंपनी तीच गोळी तीच, पण दोघींवर ११२ छापलंय आणि एकीवर १०५, आणि बिलात पण तसेच लावलेत, विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला एमआरपी आहे ती द्यावीच लागते. मेडिकलवाले लुटतात असं लिहिलंत, वाचून वाईट वाटलं, पण भावाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ११२ मध्ये १०० गोळीचे आणि १२ टॅक्सचे होते, आता टॅक्स ५, म्हणजे झाले १०५. जुन्या मालावर ११२ छापलेलं असलं तरी विकायचा १०५ लाच, कंपनीची नवीन प्राइस लिस्ट आलेली असते. आमच्या सॉफ्टवेअरला भाव बॅचप्रमाणे पडतो आणि ही एक जुनी बॅच बदलायची माझ्याकडून राहून गेली. मुलाने स्क्रीनवर दिसलं ते सांगितलं, त्याला बोल लावू नका. फक्त ते 'द्यावीच लागते' चुकीचं होतं, एमआरपीच्या वर एक रुपया घेता येत नाही, कमी घ्यायला कोणाची मनाई नाही, हे त्याला नीट समजावलंय.

दुसरं तुम्ही विचारलंत की स्वस्तातली असताना हीच का दिली. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर शेड्यूल एचची, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची गोळी आम्हाला आपल्या मनाने बदलून देता येत नाही, कायदाच तसा आहे. पण डॉक्टरांना विचारून कंटेंटचं, म्हणजे गोळीतल्या मूळ औषधाचं नाव लिहून आणा, मग जनऔषधीतनं घ्या नाहीतर माझ्याकडनं, महिन्याच्या गोळ्यांना खरंच फरक पडतो, आणि हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. एक मात्र बघा, ७० टक्के सूट वगैरे बोर्डवर जाऊ नका, काही जेनेरिकवर एमआरपीच एवढी फुगवून छापलेली असते की सूट देऊनही दुकानदाराला भरपूर सुटतं. स्ट्रिप कुठली १० ची, कुठली १५ ची, त्यामुळे एका गोळीला किती पडले तेवढाच हिशोब करा, कुठल्याही दुकानात. माझ्या पण.

त्या बॅचची अजून अकरा बिलं निघाली, सकाळपासून एकेकाला फोन करतोय. तुमचे १४ रुपये काउंटरवर पाकिटात घालून ठेवलेत, बिल शोधत बसू नका, बाबांचं नाव सांगितलं की पुरे.