टाचा कुठे पळून जात नाहीत

गुडघ्यांवर उभं राहायचं, मागे वाकायचं, टाचा धरायच्या. उष्ट्रासनाची एवढीच कृती सांगितली की माणूस टाचा धरायला जातो आणि कंबर धरून बसतो.

माझं ठाम मत आहे की या आसनात टाचा हा अगदी शेवटचा विषय आहे. ताण हवाय तो मांडीच्या पुढच्या बाजूला, जांघेत, पोटावर, छातीवर. नेमकं हेच अंग आपण दिवसभर आखडून ठेवतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात आठ तास खुर्ची, जाता-येता स्कूटर, घरी सोफा आणि मोबाइल. कंबरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा सोआस स्नायू बसून बसून ताठरतो. मग मागे वाकायची वेळ आली की जांघ हलत नाही, आणि बरगड्यांनी जखडलेला छातीमागचा कणाही दाद देत नाही. उरते कंबर. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखी ती सगळ्यांचं काम एकटी करते आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण धरते.

म्हणून सुरुवात भिंतीपासून. भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर उभे राहा, दोन्ही गुडघ्यांत कंबरेच्या हाडांइतकं अंतर, मांड्या आणि ओटीपोट भिंतीला टेकलेलं. जानेवारीतल्या नाशिकच्या फरशीवर हे करायचं तर गुडघ्यांखाली सतरंजीची घडी हवीच. आणि आधी थोडं चालून अंग गरम करा, गारठलेले स्नायू वाटाघाटी करत नाहीत. तळवे कंबरेच्या मागे, बोटं खाली, कोपरं एकमेकांकडे. माकडहाड खाली सोडा, श्वास घेत छातीचं हाड वर उचला आणि मगच मागे जा. मांड्या भिंतीपासून सुटल्या, तर तिथेच थांबा. तुमचं आजचं उष्ट्रासन तेवढंच आहे. शेजारच्या काकूंचं पूर्ण झालं असेल, होऊ दे.

मांड्या उभ्या ठेवून हात खाली पोहोचत असतील तरच टाचा. पायाची बोटं जमिनीत रोवली की टाचा वर येतात आणि अंतर कमी होतं. तेही जड जात असेल, तर पावलांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे ठेवा. यात कमीपणा नाही. कमीपणा एक हात टाचेवर आणि दुसरा हवेत चाचपडत ठेवण्यात आहे, कारण तेव्हा कणा पिळला जातो. तळपायात गोळा आला, तर मुकाट्याने खाली बसा.

मान सगळ्यात शेवटी. बहुतेक जण ती सगळ्यात आधी मागे टाकतात, मग डोळ्यांपुढे अंधारी आणि तोंडात श्वास कोंडलेला. छाती उचलली गेली नसेल, तर हनुवटी छातीकडेच राहू द्या. चार-पाच संथ श्वास पुरे. येताना हात पुन्हा कंबरेवर, आधी छाती वर, डोकं शेवटी. क्षणभर वज्रासनात बसा, मग शशांकासन, म्हणजे तसंच बसून पुढे वाकायचं आणि कपाळ जमिनीला टेकवायचं. झटक्यात पुढे कोसळू नका.

मानेचं किंवा कंबरेचं दुखणं, हर्निया, पोटाची नुकती झालेली शस्त्रक्रिया, वाढलेला रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ‘ऋषिमुनी करायचे’ म्हणून रेटणाऱ्यांसाठी एक माहिती: घेरंडसंहिता या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातल्या ३२ आसनांत उष्ट्रासन आहे खरं, पण ते पालथं झोपून, पाय मागे दुमडून हातांनी धरायचं आहे. गुडघ्यांवरचं नव्हे.

आणि रविवारचा प्रश्न: आधी आसन की मिसळ? जेवणानंतर तीन-चार तास हे आसन नको, आणि नाशिकची मिसळ हे जेवणच आहे, पाव-पापडासकट. पोट ताणलं की रस्सा आल्या वाटेने परत निघतो आणि घशाशी जळजळ होते. तेव्हा आधी आसन, मग मिसळ. रांग मोठी असेल, तर तिथे उभं राहणंही जांघेला खुर्चीपेक्षा बरंच.