गदगच्या अलीकडचा पाचवा तास

लांबच्या प्रवासाला कुठली मोटरसायकल घ्यावी, असं विचारणारे मेसेज दिवाळीपासून वाढलेत. परवा भाच्याचाही फोन आला. "मावशी, एका वाक्यात सांग, सगळ्यात आरामशीर कुठली?" एका वाक्यात काही सांगता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी अकरा वर्षं मागच्या सीटवर बसून फिरले आणि गेली सहा वर्षं स्वतः चालवते. उंची ५ फूट ३ इंच. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे काही म्हणणार आहे ते या उंचीवरून आणि या कमरेतून आलेलं आहे.

हंपीच्या प्रवासापासून सुरुवात करते. तेव्हा आमच्याकडे एक क्रूझर होती, म्हणजे पाय पुढे ताणून बसायची बुटकी मोटरसायकल. शोरूममध्ये तिच्यावर बसले तेव्हा घरच्या सोफ्यावर बसल्यासारखं वाटलं होतं. पाय पुढे, खांदे सैल, सीट मऊ. दहा मिनिटांची टेस्ट राइड झाली आणि मी तिथेच हो म्हणून टाकलं. सांगलीहून हंपी चारशेच्या वर किलोमीटर. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, धारवाड असं करत आम्ही मजेत गेलो. हुबळीला इडली-वडा खाल्ला आणि गदगच्या रस्त्याला लागलो. अण्णिगेरी मागे पडलं आणि माकडहाडात एक बारीक कळ सुरू झाली. आधी वाटलं, बसण्यात काही चुकलं असेल. जरा सरकून उजव्या मांडीवर भार टाकला, मग डाव्या. दहा किलोमीटरांत दोन्हीकडचा जीव गेला. दोन्ही बाजूंना काळ्या रानात सूर्यफूल फुललं होतं आणि माझं लक्ष फक्त पुढच्या स्पीडब्रेकरकडे. शेवटी गदगच्या अलीकडे एका कडुलिंबाखाली गाडी लावली, जॅकेट अंथरलं आणि सरळ पालथी पडले. शेजारच्या रानातल्या एक आजी आल्या, कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. त्या परत गेल्या आणि तांब्याभर पाणी आणून उशाशी ठेवलं. पाऊण तास मी तशीच होते. हंपी बघितली, पण विठ्ठल मंदिरात पायऱ्या चढताना कमरेला हात लावून चढले.

त्या दिवसापासून मला या विषयाची गोडी लागली, खरंच. कुठे काय दुखतं आणि का दुखतं हे मी मुळापासून समजून घ्यायला लागले.

पाय पुढे ताणलेले असले की सगळा भार बैठकीवर येतो. खड्डा समोर दिसला तरी फूटरेस्टवर जोर देऊन जरा उठता येत नाही, कारण पाय शरीराच्या खाली नसतातच. मग जो दणका टायरने घ्यायचा, शॉकअपने घ्यायचा, त्यातला उरलेला सगळा माकडहाड घेतं. ताठ बसून पाय गुडघ्याखाली असतील तर मांड्या शॉकअपचं काम करतात. घोड्यावर बसणारा माणूस रिकिबीत उभा राहतो ना, अगदी तसं. आणि मऊ सीटवर भुलू नका. मऊ फोम तासा-दीड तासात दबून जातो, मग तुम्ही खालच्या पत्र्यावर किंवा प्लास्टिकवरच बसलेले असता. थोडी कडक वाटणारी, पण रुंद सीट संध्याकाळपर्यंत साथ देते.

आता आकडे बघा, कारण यात आकडे खोटं बोलत नाहीत. मी सीसी (इंजिनाचा आकार) आणि पीएस (ताकद) यांच्या आधी बघते तो सस्पेन्शन ट्रॅव्हल, म्हणजे चाक किती वर-खाली जाऊ शकतं ते. रॉयल एन्फिल्डच्या इंटरसेप्टर ६५० ला मागे ८८ मिलिमीटर आहे. सुपर मीटिओर ६५० ला मागे १०१. जुन्या हिमालयन ४११ ला पुढे २०० आणि मागे १८०. नव्या हिमालयन ४५० ला दोन्हीकडे २००. केटीएमच्या ३७३ सीसीवाल्या ३९० ॲडव्हेंचरला पुढे १७० आणि मागे १७७. म्हणजे रॉयल एन्फिल्डच्याच इंटरसेप्टर आणि हिमालयनमध्ये मागच्या चाकाला दुपटीहून जास्त फरक. गुळगुळीत रस्त्यावर हा फरक जाणवणारही नाही. पण आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे जाताना, पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर, हा फरक तुमच्या मणक्यात मोजला जातो.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टूरिंगच्या गाड्यांबद्दल आपण जे व्हिडिओ बघतो, ते बहुतेक अमेरिका-युरोपातल्या रस्त्यांवरचे असतात. होंडा गोल्ड विंग घ्या. १८३३ सीसी, सहा सिलिंडर, पार्किंगमधून मागे घ्यायला रिव्हर्स गिअर. शेकडो किलोमीटर सरळ पळणाऱ्या हायवेसाठी बनलेली ती गाडी आहे आणि तिथे ती राणी आहे, यात शंका नाही. आपल्याकडे मात्र दुचाकीला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर बंदी, समृद्धी महामार्गावर बंदी, अटल सेतूवर बंदी. कर्नाटकात बेंगळुरू-म्हैसूर एक्स्प्रेसवेच्या मुख्य मार्गावरही २०२३ च्या ऑगस्टपासून बंदी. म्हणजे आपली दुचाकी धावणार ती जुन्या महामार्गांवर, घाटांत, गावांच्या वेशीवरच्या स्पीडब्रेकरवरून. तिथला खरा वेग ७० ते ९०. तिथे ट्रॅक्टर-ट्रॉली उसाने भरून, मागे दिवा नसताना चालते. अशा रस्त्याला कुठली गाडी आरामशीर, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न.

मी चालवून पाहिलेल्या गाड्यांबद्दल आता मोकळेपणाने बोलते.

इंजिनच्या बाबतीत इंटरसेप्टरसारखं सुख मला दुसरीकडे मिळालं नाही. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, ४७ पीएस. शंभरच्या वेगातही हातांना मुंग्या येत नाहीत. भावाची गाडी घेऊन मी कोल्हापूर-बेळगाव केलं तेव्हा तवंदी घाटात चौथ्या गिअरवरून खाली यावंच लागलं नाही. पण समोर काच नाही, त्यामुळे वारा थेट छातीवर. सीट सपाट आणि पातळ. टाकी १३.७ लिटरची. माझ्या मते ती दोनशे किलोमीटरच्या सकाळची गाडी आहे, आठ तासांच्या दिवसाची नाही. काच आणि वेगळी सीट लावून तिच्यावर देश फिरलेले लोक आहेत, हेही मला माहीत आहे.

मीटिओर ३५० बद्दल लोक नाक मुरडतात, ते मला पटत नाही. २०२० मध्ये आलेलं तिचं जे-सिरीज इंजिन थरथर कमी करणाऱ्या बॅलन्सर शाफ्टमुळे जुन्या बुलेटपेक्षा कितीतरी शांत आहे. सीटची उंची ७६५ मिलिमीटर, म्हणजे माझ्यासारखीचे दोन्ही पाय पूर्ण टेकतात. टाकी १५ लिटरची. ज्या बाया ५ फुटांच्या आसपास आहेत आणि पहिल्यांदाच दीडशे-दोनशे किलोमीटरच्या बाहेर पडताहेत, त्यांना मी डोळे झाकून हीच सांगते. चढावर सिग्नलला गाडी कलली आणि पाय टेकला नाही तर जी भीती बसते, ती वर्षभर जात नाही. पाय टेकणं हासुद्धा आराम आहे. फक्त पाय किंचित पुढे जातात आणि दिवसाला तीनशेच्या वर गेलात की वर लिहिलेली माकडहाडाची गोष्ट आठवायची. सुपर मीटिओर तर ७४० मिलिमीटरवरच आहे, पण वजन २४१ किलो. पळताना ते जाणवत नाही. खडीच्या पार्किंगमध्ये वळवताना जाणवतं.

डॉमिनार ४०० मला कायम दुर्लक्षित गाडी वाटत आली. २०२१ पासून बजाज तिला उंच काच, हँडगार्ड, कॅरिअर, मागच्या माणसाला टेकायला बॅकरेस्ट आणि सॅडलबॅग अडकवायच्या दांड्या कंपनीतूनच लावून देऊ लागली. सामान बांधून, मागे माणूस बसवून, पुणे-बेंगळुरू रस्त्यावर सलग पळायचं असेल तर त्या पैशांत एवढं कोणी देत नव्हतं. मागची सीट रुंद आहे. अकरा वर्षं मागे बसलेल्या बाईचं हे प्रमाणपत्र समजा.

मागच्या सीटबद्दल तर मला वेगळी पोस्ट लिहायची आहे, पण थोडं इथेच. गाडी घेताना मागे बसणाऱ्या माणसाला शोरूममध्ये कोणी बसवूनसुद्धा बघत नाही! पुढच्याला हँडल असतं, त्याला खड्डा दिसतो, तो तयार असतो. मागच्याला समोर फक्त हेल्मेट दिसतं आणि दणका न सांगता बसतो. मागचे फूटरेस्ट खूप वर असतील तर गुडघे दुमडून राहतात आणि तासाभरात पाय बधिर होतात. धरायला दांडी कुठे आहे, मांडीखाली सीट किती येते, हे त्याने बसून बघायचं. आणि दोघं बसणार असाल तर मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, वाढवून घ्या. सी-आकाराचा पाना बहुतेक गाड्यांबरोबर येतो, दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही कित्येक वर्षं ते केलं नाही आणि प्रत्येक खड्ड्याला मागचा शॉकअप खाली आपटायचा, त्याला आम्ही रस्त्याचा दोष समजत होतो.

वाऱ्याचंही असंच आहे. उंच काच सगळ्यांना सारखी चालत नाही. ज्या काचेमागे मी शांत बसते, त्याच काचेवरून उडालेला वारा माझ्या ५ फूट १० इंची नवऱ्याच्या हेल्मेटवर आदळतो आणि दोन तासांत त्याची मान धरते. त्याला छोटी काच हवी, म्हणजे वारा छातीवर येईल पण डोकं स्थिर राहील. म्हणून दुसऱ्याच्या रिव्ह्यूमधली काच ऑर्डर करण्याआधी त्याची उंची विचारा.

माझी स्वतःची गाडी हिमालयन ४११, सेकंडहँड घेतलेली. २४.५ पीएस, वेगाची हौस असणाऱ्यांनी तिच्याकडे बघूही नये. शंभरच्या पुढे तिचं मन लागत नाही. पण ८० वर ती दिवसभर त्याच सुरात चालते, ताठ बसवते, खड्ड्यात मी फूटरेस्टवर उभी राहते आणि ती खालून निघून जाते. टाकी १५ लिटर. ४५० नक्कीच जास्त ताकदीची आहे, ४० पीएस, टाकी १७ लिटर, आणि दोघांचं सामान घेऊन घाट चढायला ती उजवी. पण तिची सीट ८२५ मिलिमीटरवर सुरू होते आणि उतारावर माझा पाय हवेत राहिला. ४११ ची ८०० आहे. त्या २५ मिलिमीटरनी माझा निर्णय झाला.

त्या ८०० वरही सुरुवातीला माझे फक्त चवडे टेकत होते. मिरजेत बस स्थानकाच्या बाजूला सीट बनवणारे एक चाचा आहेत. त्यांनी मला आधी गाडीवर बसवलं, हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं घालून. "ताई, अशा सैल बसा, जशा तीन तासांनी बसता." मग दोन्ही मांड्यांच्या आतून खडूने रेघ मारली. रेक्झिन उतरवलं आणि करवतीच्या पात्याने पुढच्या बाजूचा फोम दोन्हीकडून तिरका कापला, बोटभर. उंची कमी न करता पुढचा भाग निमुळता केला की पाय सरळ खाली जातो. मागे, जिथे बसायची हाडं टेकतात, तिथला मऊ थर काढून कडक फोम बसवला, वर पातळ मऊ पट्टी. कागद घासावा तसा पॉलिश पेपरने हात फिरवत फिरवत त्यांनी तो आकार आणला. तीनदा मला बसवलं, तीनदा उतरवलं. चौथ्यांदा बसले तेव्हा टाचा टेकल्या नव्हत्या, पण तळपाय टेकला होता. त्या कामाचे मी दिलेले पैसे हे या गाडीवर खर्च केलेले सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे आहेत. त्यानंतर हंपीला पुन्हा गेले. अण्णिगेरी आलं, गदग आलं, मी वाट बघत होते, कळ आली नाही. कोप्पळच्या पुढे चहाला थांबले ते फक्त चहा प्यायचा होता म्हणून.

तर भाच्याला मी शेवटी विचारलं ते एवढंच. उंची किती, मागे कोण बसणार, दिवसाला किती किलोमीटर, आणि कंबर आधी कधी दुखली आहे का. तो म्हणाला, "पण शोरूमवाले दहाच मिनिटं देतात गं." ते खरंच आहे. म्हणून ओळखीत कोणाकडे ती गाडी असेल तर टाकी भरून द्या आणि अर्धा दिवस मागून घ्या. निदान दोन तास न उतरता बसा. कोणी देत नाही असं वाटत असेल तर माझी हिमालयन आहे. सांगली-मिरज भागातल्या माझ्या मैत्रिणींपैकी जिची उंची माझ्याएवढी आहे आणि लायसन्स आहे, तिने रविवारी सकाळी या. हेल्मेट स्वतःचं आणा. नृसिंहवाडीपर्यंत जाऊ नका, ते जवळ पडतं. कोल्हापूरच्या पुढे कागलपर्यंत जाऊन या, आणि आल्यावर गाडीवरून उतरताना कमरेला हात गेला की नाही तेवढं मला सांगा.